माझी बुली फिलू खेळली

ये गं, अशी जवळ सरकून बस. एक पाय दारात आणि एक पाय बाहेर ठेवून गोष्ट ऐकायची सवय तुम्हा पोरींना कोणी लावली, कोण जाणे. हॉकी खेळता म्हणता ना? मग अशा पाय सैल सोडून बसता कशा? आणि परवा ती तुमची मैत्रीण मला काय म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी बायका कुठे खेळायच्या? तुम्ही मासेच विकत असाल." विकले बाई, मासेही विकले. पण त्याच्याआधी मी कारखान्याच्या टीममध्ये बॅक खेळले, आणि त्या खेळावरच माझी नोकरी होती. बिस्किटं भरता येतात म्हणून कोणी मला ठेवून घेतलं नव्हतं. माझ्याइतकी बिस्किटं कोणीही भरील.

आता नाताळच्या अंकवाल्यांनी लिहायला सांगितलंय, तर लिहिते. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन कारखान्यातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर झालं, त्यामुळे माझं मराठी कुठे गोड कुठे खारट लागलं तर सांभाळून घ्या. बोलते तसंच लिहिणार आहे. आणि सगळं पहिल्यापासून सांगत बसणार नाही. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, तिच्याकडे जायचंय.

मी वसईच्या पाचूबंदरची. आमचं घर कोळ्यांचं, ख्रिस्ती. ओहोटी लागली की किनाऱ्यावर ओली वाळू अशी घट्ट बसते की धावलं तरी टाच रुतत नाही. त्या वाळूवर आम्ही पोरं झावळीचा देठ काठीसारखा धरून गळालेला कोवळा नारळ हाणत सुटायचो. तो नारळ वेडावाकडा जायचा. इकडे येतोय म्हणावं तर तिकडे वळायचा. त्यामुळे मला पहिल्यापासून नारळाकडे न बघता मारणाऱ्याच्या मनगटाकडे बघायची सवय लागली. खांदा खोटं बोलतो, डोळे तर बोलतातच, मनगटाला मात्र खोटं बोलता येत नाही. बॅकचं सगळं काम यात आलं. समोरून अंगावर येणारीचं मनगट बघायचं, आणि ती जिथे चेंडू ढकलणार तिथे आपली काठी आधी नेऊन ठेवायची.

बिस्किटांचा कारखाना माझगावच्या बाजूला होता. आठवडाभर मी तिथे मावशीकडे राहायची, शनिवारी घरी. त्या दिवसांत गिरण्या आणि कारखाने आपापल्यात शील्ड खेळायचे. साहेबलोकांना बिस्किटाच्या डब्यावरच्या नावापेक्षा शील्डवर कोरलेलं नाव जास्त प्यारं. मी आत शिरले ती पॅकिंगच्या कामासाठी. तिथे भुईगावची फिलोमेना भेटली. आम्ही तिला फिलू म्हणायचो. वाडीवाल्यांची पोर, केळी-नारळाच्या बागेतली. अंगाने रुंद, चालायला संथ आणि गोलकीपर. मी विचारलं, "चेंडू अंगावर आला की भीती नाही वाटत?" तर म्हणाली, "आमच्याकडे नारळ डोक्यावर पडतात गे. चेंडूचं काय घेऊन बसलीस?"

जेवणाच्या सुट्टीत पोरी मागच्या आवारात खेळायच्या. आमची कॅप्टन डोरा भायखळ्याची, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिने एक चेंडू हाणला तो माझ्या डब्याकडे आला. मी हातातला झाडू आडवा टाकून तो जागीच थांबवला. बोंबलाची चटणी वाचली. डोरा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "ए, कुठली तू?" मी म्हटलं, पाचूबंदर. "मग आजपासून पाचू. उद्या झाडू नको, काठी घेऊन ये, मॅन." माझं खरं नाव त्या कारखान्यात पगाराच्या चोपडीशिवाय कोणी घेतलं नाही.

खेळायचे कपडे बघून आई काय म्हणेल याची मला धास्ती होती. गुडघे उघडे. आई बघून हसली. "गुडग्याचं काय? आमचं लुगडं कवा गुडग्याखाली असतंय? तू त्या झग्यात धावतेस, मी डोक्यावर दोन टोपल्या घेऊन धावतंय. शील्ड कोनाला द्यायची सांग."

आता दोन गोष्टी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पहिली, बुली. तुमच्या खेळात ती आता नावापुरती उरली. तेव्हा खेळ सुरूच तिच्याने व्हायचा. दोघी समोरासमोर, मध्ये चेंडू. काठी आधी जमिनीला टेकवायची, मग चेंडूच्या वर एकमेकींच्या काठीला ठोकायची. जमीन, काठी. जमीन, काठी. जमीन, काठी. तिसरा ठोका पडला की चेंडू जी आधी नेईल तिचा. यात माझा हात धरणारी त्या लीगमध्ये कोणी नव्हती, हे मी फुशारकीने सांगते, कारण खरं आहे. आणि मला ते कोणी शिकवलं नव्हतं. आईबरोबर एका उखळात दोन मुसळांनी मसाला कांडून मी मोठी झाले. समोरचीचं मुसळ वर जायच्या आत आपलं खाली पडलं पाहिजे, आणि आपलं निघालं पाहिजे, नाहीतर बोटं गेली. तो ताल अंगात भिनला होता. तिसऱ्या ठोक्यानंतरचा जो इवलासा श्वास असतो ना, तो माझ्या मालकीचा होता.

बुलीचा एक वाईट प्रकार होता. आपल्या गोलसमोरच्या अर्धगोलात बचाव करणारीने मुद्दाम आगळीक केली, तर दंडाची बुली. गोलपासून पाच पावलांवर चेंडू ठेवायचा. बाकी सगळ्यांनी लांब जाऊन उभं राहायचं, गोलकीपरनेसुद्धा. आणि जिने आगळीक केली तिनेच एकटीने समोरच्या टीमच्या एकीशी बुली खेळायची. मागे गोल उघडा. मला वाटतं या नियमासारखा सरळ नियम पुढे कुठे पाहिला नाही. केलंस ना? मग तूच उभी राहा.

दुसरी गोष्ट डोराच्या टीमची रीत. चेंडू पायाला लागला, काठी चुकीची पडली, तर पंचाने बघितलं असो नसो, आपली काठी आपण वर करायची. डोरा म्हणायची, "पंचाला दोन डोळे, तुला पण दोन. तुझे जास्त जवळ आहेत, मॅन." एका सामन्यात चेंडू माझ्या बुटाच्या टोकाला चाटून गेला. कोणालाच दिसलं नाही. मी काठी वर केली, त्या फ्री हिटवर आम्ही गोल खाल्ला आणि हरलो. मला वाटलं आता सगळ्या खातील मला. पण कर्णिकसाहेब, म्हणजे आमच्या कारखान्याचे खेळाचे साहेब, मैदानाच्या कडेने चालत आले. काळी टोपी, छत्री, आणि तोंडावर माशी हलणार नाही असा माणूस. म्हणाले, "तुझी काठी खरी आहे." एवढंच. मी आठवडाभर जमिनीवरून चालले नाही. त्यानंतर सगळ्या टीमच्या काठ्यांच्या मुठी मी जाळ्याच्या सुताने बांधून दिल्या, वडिलांनी शिकवलेल्या गाठींनी. प्रत्येकीच्या हातात माझी गाठ असायची.

आम्ही दोघी, मी आणि फिलू, बदलीवाल्या होतो. म्हणजे नाव कायमच्या यादीत नाही. आज काम आहे, उद्या फाटकावरून परत पाठवलं तर विचारायची सोय नाही. आमच्या घरी वडिलांचा होडीवरचा हिस्सा गेला होता, पाठची तीन भावंडं लहान. फिलूच्या घरी खायला कमी नव्हतं. तिचं दुखणं दुसरं होतं. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं, "कायम झालीस तर नोकरी कर. नाही झालीस तर पावसाळ्याआधी लगीन." मुलगा वाईट नव्हता, सांडोरचा, शांत. पण फिलूला गोलमध्ये उभं राहायचं होतं. ती मला म्हणायची, "तिथे उभी असली की सगळं माझ्यासमोर असतं गे. मागे कोण नसतं मला हाका मारायला."

स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. त्या वर्षी शील्डचा शेवटचा सामना आमच्या वसईत ठेवला. चर्चच्या मागचं पटांगण, फेस्ताचे, म्हणजे चर्चच्या सणाचे दिवस, पताका तशाच टांगलेल्या. समोर एका गिरणीची टीम. सामन्याआधी कर्णिकसाहेबांनी आम्हा दोघींना मांडवाच्या कोपऱ्यात बोलावलं. "वरून हुकूम आलाय. शील्ड आली तर दोघी कायम. नाही आली तर जागा एकच. कोणाला द्यायची, ते मी आजचा खेळ बघून ठरवीन. दुसरीला रजा." असं सांगून छत्री उघडून निघून गेले, जसं काही हवापाण्याचं बोलले.

फिलूने माझा हात धरला. "पाचू, आपण जिंकूया गे. मग त्याला ठरवायलाच नको."

सामना साडेचारला सुरू व्हायचा, पण प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. त्यांची गाडी कुठे अडली होती. आम्ही उन्हात रांगेत उभ्या. पाहुणे येऊन, हात मिळवून, भाषण करून खेळ सुरू व्हायला साडेपाच वाजून गेले. मी माडांच्या शेंड्यांकडे बघितलं. सूर्य कुठे आहे ते कोळ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. मी डोराला म्हटलं, "डोरा, खेळ संपायच्या आत घंटा होईल."

"होऊ दे ना मॅन. घंटा काय आपल्याला अडवते?"

ती मुंबईची. तिला काय सांगू?

आमच्याकडे संध्याकाळची प्रार्थनेची घंटा, आंजेलूस म्हणायचो आम्ही, ती झाली की माणूस असेल तिथे उभा. डोक्यावर टोपली असेल तर टोपली घेऊन उभा. आणि आमच्या घरी त्याला आणखी एक धार होती. आई म्हणायची, घंटेच्या वेळी किनाऱ्यावरचं माणूस स्थिर राहिलं तर समुद्रावरचं स्थिर राहतं. मी नऊ वर्षांची असताना एकदा खेळाच्या नादात घंटा होऊनही थांबले नाही, नारळामागे धावत राहिले. त्या फेरीला वडिलांची होडी वेळेवर आली नाही. दीड दिवसाने आली, डोलकाठी मोडलेली, माणसं सगळी धड. आई मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून घंटा आणि माझे पाय यांच्यामध्ये मी कधी नव्हते. घंटा व्हायची, पाय थांबायचे.

खेळ घट्ट चालला होता. पहिल्या अर्ध्यात डोराने गोल केला. एक शून्य. त्यांची पुढची खेळाडू, तिला सगळे लंबी म्हणायचे, अशी उंच की तिची काठी आमच्या काठीहून पुढे पोचायची. तिला मी खेळभर अडवलं. ती उजवीकडे झुकायची, मी मनगट बघायची आणि डावीकडे जायची. चारदा तिचा चेंडू काढून घेतला. पाचव्या वेळी ती दात खाऊन म्हणाली, "तू सावली आहेस काय माझी?" मी म्हटलं, "आज सूर्य बुडेपर्यंत." केवढी मिजास! लोक हसले. कडेला सगळं पाचूबंदर, भुईगाव, गिरीज उभं. आई पुढे, टोपली पालथी घालून त्याच्यावर बसलेली. "धर तिला गे, सोडू नको!" असा तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

पाच मिनिटं राहिली असतील. लंबी चेंडू घेऊन माझ्यावर येत होती. तिचं मनगट माझ्या डोळ्यांसमोर होतं. डावीकडे वळत होतं, मला कळलं होतं.

आणि घंटा झाली.

कडेचे सगळे लोक एकदम उठले. बोलणं बंद. टोप्या निघाल्या, माना खाली गेल्या, डोळे मिटले. आई टोपलीवरून उठून उभी राहिली, हात जोडलेले. मला हे सगळं एकाच वेळी दिसलं, आणि माझे पाय थांबले. काठी खाली गेली. मान खाली गेली. ओठ हलायला लागले. गिरणीच्या पोरी कुठल्या थांबणार? त्यांना काय ठाऊक? लंबी माझ्या बाजूने निघून गेली, तिचा वारा माझ्या कानाला लागला.

"पाचू!" फिलूची किंकाळी.

मी जागी झाले. लंबी आणि गोल यांच्यामध्ये एकटी फिलू. फिलू पुढे धावली, लंबीने तिला चुकवलं, फिलू आडवी पडली. समोर उघडा गोल. मी मागून धावत आले. चेंडूपर्यंत काठी पोचणार नाही हे मला धावतानाच कळलं होतं. लंबीच्या घोट्यापर्यंत पोचणार होती. मी काठीचा आकडा तिच्या घोट्यात घातला आणि ओढला.

चुकून नाही. मला ते नीट आठवतं. आकडा घातला आणि ओढला.

लंबी फिलूच्या अंगावर कोसळली, मी दोघींच्या वर. शिट्टी झाली. आम्ही तिघींनी उठून अंग झाडेपर्यंत पंचबाई धावत आल्या. पारशी बाई, चष्म्यावर धूळ बसलेली, त्यात उजेड उतरलेला. त्यांना आगळीक दिसली होती, पण गुंत्यात काठी कोणाची ते दिसलं नव्हतं. त्यांनी फिलूकडे बोट केलं. "गोलकीपर. पेनल्टी बुली."

चूक त्यांची तरी कशी म्हणू? ओढणारी काठी फिलूच्या अंगाखालून निघाली होती, कारण मी पडताना ती तिथे गेली. लंबी घोटा चोळत होती, तिलाही मागचं काय दिसणार? बाकीच्या पोरी मागे लांब राहिलेल्या, त्यांना आमच्या पाठीच दिसल्या. आणि कडेला एवढी माणसं, पण सगळ्यांचे डोळे मिटलेले. लोक उठले म्हणून कर्णिकसाहेबही उठले होते आणि काय झालंय म्हणून मागे चर्चकडे वळून बघत होते. सगळ्या वसईत त्या क्षणी उघड्या डोळ्यांनी खरं बघितलेली माणसं दोनच होती, फिलू आणि मी.

डोरा धापा टाकत आली. रीतीप्रमाणे तिने विचारलं, "काठी कोणाची?"

फिलूने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ती नुसती वाट बघत होती. तिला खात्री होती की माझी काठी आता वर जाणार. माझी काठी खरी होती ना.

पोरींनो, किती वेळ गेला असेल? एक श्वास. फार तर दोन. माझ्या हातात काठी होती. ती वर करायला काही बळ लागत नाही. मी मनात काय काय म्हटलं ते सांगू? म्हटलं, प्रार्थना अर्धी राहिली आहे, अर्ध्या प्रार्थनेत बोलू नये. म्हटलं, कर्णिकसाहेब आता वळून बघतायत. म्हटलं, घरी तीन भावंडं. म्हटलं, फिलूला निदान लग्न तरी आहे. हे सगळं दोन श्वासांत. माणूस किती भराभर हिशेब करतं, बघा.

काठी वर गेली नाही.

फिलूने मान वळवली. "माझी," ती डोराला म्हणाली. आणि पायांवरचे ते जाड पॅड घेऊन पाच पावलांवर जाऊन उभी राहिली.

घंटा थांबली. लोकांनी कपाळा-छातीवर क्रूस काढला, डोळे उघडले. आई ओरडली, "काय झालं गे? कोनी काय केलं?" कोणीतरी तिला म्हणालं, गोलवालीने पाडलं वाटतं. मी ते ऐकलं. लांबच्या रेषेवर इतरांबरोबर उभी राहून ऐकलं.

आणि आता सांगते ते मला सगळ्यात जास्त टोचतं. मी काठी वर केली असती तर ती बुली मी खेळले असते. आणि लंबीला बुलीत मी त्याच दिवशी दोनदा हरवलं होतं. बुली माझी होती. नियमाने माझी, हाताने माझी. फिलूने जन्मात बुली खेळली नव्हती. गोलकीपरला कशाला लागते?

जमीन, काठी. फिलूचा पहिला ठोका उशिरा पडला. मला लांबून ऐकू आलं. जमीन, काठी. तिच्या अंगात ताल नव्हता, ती लंबीच्या काठीकडे बघून ठोकत होती. माझ्या हातातली काठी आपोआप हलत होती, बाजूची पोर म्हणाली, "काय करतेस?" मी हात मांडीशी दाबून धरला. जमीन. काठी.

लंबीने चेंडू बाजूने काढून फिलूच्या मागे ढकलला. सावकाश गेला. अगदी सावकाश, पिकलेला आंबा गडगडत जातो तसा. फिलू वळून धावली, पॅडमध्ये पाय अडकून पडली, हात लांब केला. चेंडू रेषेपार गेला.

बरोबरी झाली. उजेड आहे तोवर म्हणून जादा वेळ दिला. त्यात त्यांनी आणखी एक गोल केला आणि शील्ड गिरणीकडे गेली. तो दुसरा गोल फिलूच्या हातावरून गेला, पण तिच्याकडे कोणाला बघवत नव्हतं. मी तर बघितलंच नाही.

सोमवारी कर्णिकसाहेबांनी मला बोलावलं. "दंडाची बुली आपल्या टीमवर कधी आली नव्हती. गोलकीपरने डोकं गमावलं. तुझं नाव कायमच्या यादीत घातलंय." मग म्हणाले, "तुझी काठी खरी आहे, म्हणून."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. बाहेर आलं ते, "उपकार झाले, साहेब."

फिलू आपली पितळेची थाळी आणि टोपली घ्यायला आली होती. मी फाटकापर्यंत गेले. तिची टोपली मी धरली होती. तीच म्हणाली, "पाचू, त्या दिवशी तुझी प्रार्थना पुरी झाली का गे?"

मी म्हटलं, "झाली."

झाली नव्हती. अर्धीच राहिली होती. तिला एका खोट्यावर दुसरं खोटं दिलं.

पावसाळ्याआधी तिचं लग्न झालं. मी नवीन लुगडं नेसून गेले, मांडवात नाचले, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल खाल्लं. तिने मला वाढलं, नवऱ्याला सांगितलं, "ही पाचू. हिच्यासारखी बॅक मुंबईत नाही."

पुढे मी नऊ वर्षं खेळले. दोनदा शील्ड आणली. नंतर हाताखाली पोरी घेऊन पॅकिंग बघितलं. भावंडं शिकली, घरावर कौलं आली. आणि त्या नऊ वर्षांत एकही आगळीक मी लपवली नाही. पंच बघो न बघो, काठी वर. कधी कधी चेंडू लागलेला नसतानाही वर. डोरा चिडायची, "तुला काय वेड लागलं, मॅन?" लोक म्हणायचे, किती खरी बाई! समोरच्या टीमच्या पोरीसुद्धा माझं उदाहरण द्यायच्या. मी ऐकून घ्यायची. जी एकदा वर जायला हवी होती, तिची भरपाई होते का ते बघत होते. नाही होत.

तुम्हाला वाटेल, आजीने एवढं मनाला लावून घ्यायचं काय? खेळच तो. खरंय, खेळच. पण माझ्या सगळ्या आयुष्याचं छप्पर त्या दोन श्वासांवर उभं आहे, आणि ते श्वास दुसरीचे होते.

फिलू सांडोरला नांदली, मुलं झाली, नातवंडं झाली. नवरा गेल्यावर परत भुईगावच्या वाडीत येऊन राहिली आहे. फेस्ताला भेटायचो. गुडघे, सुना, मासळीचा भाव, सगळं बोललो. ते एक सोडून. अलीकडे तिचे गुडघे गेले, काठी घेऊन चालते म्हणे. हसू येतं मला. शेवटी तिच्या हातात पुन्हा काठी आली.

हा अंक तिच्याकडे जातो. तिची सून तिला वाचून दाखवते, मला माहीत आहे. म्हणून फिलू, आता पोरींना बाजूला करून तुझ्याशी बोलते. काठी माझी होती. घोट्यात आकडा मी घातला. हे आता सगळ्या वसईला छापून सांगितलं, पण तुझ्या तोंडावर सांगायचं राहिलंय, आणि छापलेलं म्हणजे काही वर केलेली काठी नव्हे.

तेव्हा ये. नाताळच्या आधीच ये, नंतर पाहुण्यांची गर्दी होते. मीच आले असते, पण मधल्या दुखण्यापासून डॉक्टरांनी मला घराबाहेर पडू दिलं नाही अजून. नातवाला सांग, रिक्षाने थेट दारापर्यंत सोडील. बोंबील तळून ठेवते. कडी वाजवू नकोस. ती काठी उंबऱ्याला टेकव आणि दाराला ठोक. जमीन, काठी. तीनदा. मी आत दाराशीच बसलेली असेन. तिसऱ्या ठोक्यानंतर या वेळी आधी मी बोलेन.